होज फुटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत देखभालीच्या कामानिमित्त फिरताना मी हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाखालील तेल वाहून नेणाऱ्या लवचीक नळ्या, सतत न्याहाळत असतो. कोठे बाहेरचे रबर तडकलेले असते, कोठे आतील तारेची जाळी गंजून उघडी पडलेली असते, तर कोठे क्रिंपिंगजवळ, म्हणजे टोकाची धातूची जोडणी दाबून बसवलेली असते तेथे, तेलाचा ओलसर डाग धरलेला असतो. होज ही झिजणारी वस्तू आहे आणि ती एक दिवस फुटणार, हे गृहीत धरूनच यंत्राची रचना झाली पाहिजे. त्यासाठी तेलाच्या दाबाने भार उचलणाऱ्या सिलिंडरला ‘होज बर्स्ट व्हॉल्व्ह’, म्हणजे होज फुटल्यावर तेलाची वाट बंद करणारा व्हॉल्व्ह, बसवतात. अनेक ठिकाणी तो बसवलेला असतोही. परंतु तो कोठे बसवला आहे आणि किती प्रवाहावर लावला आहे, याची चौकशी फारशी कोणी करत नाही, आणि त्याचा सारा उपयोग तर या दोन गोष्टींवरच अवलंबून असतो.

रचना अगदी साधी आहे. पितळी किंवा पोलादी बॉडीत एक चपटी चकती असते आणि स्प्रिंग तिला सीटपासून थोडी दूर धरून ठेवते. नेहमीच्या वेगाने तेल परत येत असताना ते या फटीतून सहज निघून जाते. होज फुटली की भाराच्या दाबाखालील तेल एकदम धाव घेते, चकतीच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, तो स्प्रिंगच्या जोराला भारी ठरतो आणि चकती सीटवर आदळून वाट बंद करते. वाऱ्याच्या झोताने दार धाडकन लागावे, तसाच हा प्रकार. त्याला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. मात्र या व्हॉल्व्हला होज फुटल्याचे कळत नसते, त्याला फक्त प्रवाह वाढल्याचे कळते. पुढचे सगळे प्रश्न येथूनच सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. सिझर लिफ्टच्या, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर वरखाली होणाऱ्या टेबलाच्या, सिलिंडरचा बोअर (आतील व्यास) 100 मिलिमीटर आहे आणि टेबल उतरताना रॉड सेकंदाला 50 मिलिमीटर या वेगाने आत जातो, असे समजा. म्हणजे मिनिटाला सुमारे 23.5 लिटर तेल बाहेर येते. व्हॉल्व्ह 35 लिटरवर लावला, तर नेहमीच्या कामात तो मध्येच बसणार नाही, म्हणजे चकती सीटवर बसून वाट बंद होणार नाही. पण रॉडचा वेग सेकंदाला साधारण 75 मिलिमीटरपर्यंत गेला तरी तो हलणार नाही, हेही त्यातच आले. टेबल रिकामे असेल, तर सिलिंडरमधील दाब मुळात कमी असतो आणि फुटलेल्या होजमधून येणारा प्रवाह 35 लिटरपर्यंत पोहोचेलच असे नाही. व्हॉल्व्ह किती प्रवाहावर बसेल हे चकतीच्या फटीवर ठरते. म्हणून उत्पादकाने दिलेल्या तक्त्यावरून ही फट ठरवताना सर्वात मोठा आणि सर्वात लहान, असे दोन्ही भार डोळ्यांसमोर ठेवावे लागतात.

गेल्या हिवाळ्यात भोसरीतील एका कारखान्यात अशाच एका टेबलाचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला. फट पक्की करणाऱ्या लॉकनटवरची रंगाची खूण तुटलेली होती आणि फट तक्त्यातील आकड्याहून बरीच मोठी होती. तेथील अनुभवी फिटर म्हणाले, “साहेब, थंडीत सकाळी हा सारखा बसतो, टेबल मध्येच अडकतं, म्हणून जरा ढिला केलाय.” त्यांची तक्रार खरी होती. पुण्यातील डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी 68 ग्रेडचे तेल (ग्रेडचा आकडा जितका मोठा, तितके तेल घट्ट) चांगलेच घट्ट झालेले असते आणि घट्ट तेल त्याच फटीतून जाताना दाबाचा फरक जास्त पडतो, त्यामुळे व्हॉल्व्ह वेळेआधी बसतो. त्यावर उपाय आहेत: पंपाला चालत असेल तर 46 ग्रेडचे तेल वापरावे, पाळी सुरू होताना टेबल काही वेळ रिकामे वरखाली करून तेल गरम होऊ द्यावे, उतरण्याचा वेग थोडा कमी करावा. फट वाढवल्याने अडकणे थांबते खरे, पण त्याबरोबर संरक्षणही जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला व्हॉल्व्ह जागेवर असल्याचे समाधान तेवढे मिळत राहते.

जागेविषयी माझे मत ठाम आहे. व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या पोर्टमध्येच, म्हणजे तेल आत-बाहेर जाण्याच्या तोंडातच, बसवलेला असला पाहिजे. मध्ये होजचा एक वीतभर तुकडाही नको. टेबलाखाली हात पोहोचत नाही म्हणून तो पॉवर पॅकच्या, म्हणजे पंप आणि तेलाच्या टाकीच्या, बाजूला बसवलेला मी पाहिला आहे. तेथे तो निरुपयोगी असतो, कारण फुटलेल्या जागेतून तेल त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडते. दोन सिलिंडर असतील तर आणखी काळजी हवी, कारण एकच व्हॉल्व्ह बंद झाला तर टेबल तिरके होते. हायड्रॉलिक लिफ्टच्या युरोपीय मानकात म्हणूनच स्वतंत्र व्हॉल्व्ह एकमेकांना जोडून एकाच वेळी बंद होतील अशी व्यवस्था मागितली आहे, आणि लिफ्टची केबिन ठरलेल्या वेगापेक्षा सेकंदाला 0.3 मीटरने जास्त वेगाने उतरू लागण्याच्या आत व्हॉल्व्ह बसला पाहिजे, असेही म्हटले आहे.

हवेच्या होजला हेच तत्त्व उलट टोकाने लागू होते. पुण्यात रस्ते खोदताना ट्रॉलीवरचा कंप्रेसर आणि दुचाकींच्या शेजारून पसरलेली त्याची होज हे नेहमीचे दृश्य आहे. सुमारे 7 बार दाबाची ती होज कपलिंगमधून सुटली तर फटकारे मारत फिरते. येथे ऊर्जा कंप्रेसरच्या टाकीत साठलेली असते, म्हणून व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला हवा. अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत अर्ध्या इंचाहून मोठ्या होजसाठी हवेच्या उगमापाशी असे साधन बंधनकारक आहे. आपल्याकडे रस्त्यावर मला ते क्वचितच दिसते, आणि लोक इतक्या जवळून ये-जा करत असताना याची मला फार काळजी वाटते.

गॅसच्या टँकरवरही याच तत्त्वाचे, प्रवाह फार वाढला की बंद होणारे अतिप्रवाह व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्यावरच विसंबण्यातील धोका 8 सप्टेंबर 1996 रोजी अमेरिकेतील सॅनफोर्ड येथे दिसला. प्रोपेन उतरवताना होज सुटली, व्हॉल्व्हने प्रवाह थांबवला नाही आणि सव्वा लाख लिटरहून अधिक प्रोपेन बाहेर पडले. वाटेत पंप असला की तो प्रवाह मर्यादित ठेवतो आणि व्हॉल्व्ह बसण्याइतका वेग येतच नाही. पुढे 1999 मध्ये तेथील नियम बदलले आणि अशा वेळी माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय 20 सेकंदांत प्रवाह बंद झाला पाहिजे, अशी अट आली.

सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून होणारी गळतीही या व्हॉल्व्हच्या आवाक्यात येत नाही. ती पुठ्ठा फिरवून शोधावी, हाताने कधीही नाही, कारण दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीच्या आत शिरते.

राहिली चाचणी. त्यासाठी होज कापायची नसते. पूर्ण भार ठेवून टेबल थोडेसेच वर न्यावे, खाली पक्का स्टँड द्यावा, आसपास कोणी नाही याची खात्री करावी आणि उतरण्याचा व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त उघडावा. टेबल स्टँडवर टेकण्याआधीच थांबले पाहिजे. मग पंप चालवून ते जरा वर घेतले की चकती आपोआप सुटते. त्यानंतर उतरण्याचा वेग पूर्ववत करावा, लॉकनटवर रंगाची नवी खूण करावी आणि फटीचे माप तारखेसह देखभालीच्या वहीत लिहावे.