नोड चालवणाऱ्याला काय मिळते?

बिटकॉइनच्या जाळ्यात नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, जोडणाऱ्या मायनरला एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन आणि व्यवहारांचे शुल्क मिळते. मात्र तोच ब्लॉक नियमांत बसतो की नाही हे तपासून, बसत नसल्यास तो सरळ नाकारणाऱ्या पूर्ण नोडच्या, म्हणजे सारे व्यवहार स्वतः तपासणाऱ्या संगणकाच्या, वाट्याला छदामही येत नाही. डिस्कवरची शेकडो जीबी जागा, इंटरनेट, वीज, सारा खर्च पदरचा. डॅश या दुसऱ्या आभासी चलनाने १००० डॅश ठेव म्हणून राखणाऱ्या, मास्टरनोड नावाच्या नोडला ब्लॉकच्या बक्षिसात वाटा दिला. माझ्या मते यात मेख आहे: मोबदला ठेवीवर ठरला की नोड राखणे हे भांडवलदाराचे काम होते. बिटकॉइनचा नोड चालवणारा (हौशी मंडळी सोडून द्या) आलेले पैसे खरे आहेत का, हे कुणावर न विसंबता स्वतः पडताळतो, आणि मोठ्या रकमा स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याला तेवढा लाभ पुरतो.