फुटक्या बरणीची गवळण

आजीची लोणच्याची बरणी माझ्याच हातून फुटली. ओटा पुसताना कोपर लागलं, झालं. वर तपकिरी, खाली पांढुरकी, अख्ख्या घराचं वर्षाचं लोणचं मावेल एवढी. पोटाच्या ठिकऱ्या झाल्या आणि गळा मात्र जसाच्या तसा राहिला. "फुटकं घरात ठेवू नये," म्हणत आई केरसुणी आणायला गेली. ती येईपर्यंत मी सगळे तुकडे गोणपाटात भरून बाल्कनीत नेले होते.

तिथे माझं भांडवल आधीपासून होतंच. कान गेलेले कप, एकट्या पडलेल्या बश्या, बाथरूमच्या कामातून उरलेल्या टाइल्स. चंदीगडचं रॉक गार्डन पाहून आल्यापासूनची ही खोड. नेकचंद सैनी तिथे रोड इन्स्पेक्टर होते. नवं शहर वसवण्यासाठी गावं पाडली, त्यांचा राडारोडा ते सायकलवरून सरकारी जंगलात न्यायचे आणि वर्षानुवर्षं, कुणाला पत्ता लागू न देता, त्यातून माणसं घडवायचे. 1976 मध्ये बाग लोकांना खुली झाली. फुटक्या बांगड्यांच्या बायका, कपबश्यांच्या तुकड्यांचे अंगरखे ल्यालेले बाप्ये, सगळे रांगेत उभे. मला मात्र तिथे दिवाळीतल्या किल्ल्यावरची चित्रं आठवली. कुंभारवाड्यातून आणलेल्या मातीच्या मावळ्यांना, गवळणींना आम्ही 'चित्रं'च म्हणायचो. तीच ताठ ठेवण, तीच समोर लागलेली नजर. आमच्या एका गवळणीचं नाक उडालं होतं, तिला दर दिवाळीला अळिवाच्या शेतामागे उभी करायचो.

तीच करायची ठरवली, दोन फुटांची. सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी, जाळीवर सिमेंट. इथपर्यंत सोपं. मग तुकडे लावायला घेतले आणि पहिल्याच दिवशी कळलं की टाइल गालावर बसत नाही. गाल गोल, टाइल सपाट. कडा वर येतात आणि बाई देवी आल्यासारखी दिसते. सोसायटीच्या गच्चीवर चायना मोझॅकचं, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवायचं, काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींनी जाता जाता बघितलं. "ताई, तुकडा खडीएवढा करा. आणि गोलाला गोलच लावा." तेव्हापासून कपाचे तुकडे गालांना आणि दंडांना, बशीचे पाठीला, टाइल फक्त चौथऱ्याला. बरणीच्या तपकिरी भागाचं लुगडं झालं. नाकाला कपाचा कान उलटा लावला.

गच्चीवरच्या या प्रकाराकडे आपण पाणी गळू नये म्हणून केलेली मलमपट्टी एवढंच बघतो. पण मूळ पुण्याच्या वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या 'गुंफा' या कलादालनाचे घुमट याच फुटक्या टाइल्सनी मढवले. बार्सिलोनात वास्तुकार गाऊदीच्या पार्क ग्वेल या बागेतला तो प्रसिद्ध सरडाही असल्याच तुकड्यांचा. मिस्त्रींना मोबाइलवर दाखवला. "फटी जरा जास्त सुटल्यात," म्हणाले.

फटी भरणं हा खरा जिवावरचा भाग. महिनाभर बसवलेल्या तुकड्यांवर पांढऱ्या सिमेंटचा लगदा फासायचा. लुगडं, गाल, नाक सगळं गडप. समोर नुसतं पिठाचं भूत. मग ओल्या स्पंजने हलक्या हाताने पुसत जायचं, की एकेक तुकडा वर येतो. पहिल्या खेपेला मध्येच फोन घेतला, तर डावा खांदा वाळून दगड झाला. दोन दिवस चमच्याच्या दांड्याने खरवडत बसले होते.

डोक्यावरच्या घागरीला बरणीचा अख्खा गळा बसवला. दुसरं तोंड शोभलंच नसतं.

आई लांबूनच बघायची. "फुटक्याची मूर्ती! भंगलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो."

"ही आता आणखी काय भंगणार?"

त्यावर ती काही बोलली नाही. दिवाळीच्या आधी गवळण बाल्कनीतून दारात आली, तेव्हा आई चष्मा लावून जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"नथ नाही हिच्या नाकात."

"राहिली खरी."

आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. येताना तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. "माझ्या मोडक्या कुडीतला मोती आहे. बसेल का बघ."