बंदुकीआधी ठराव: मॅसॅच्युसेट्स, 1774

शाळेत अमेरिकन क्रांती आपण दोन वाक्यांत शिकलो. बॉस्टनच्या बंदरात चहा फेकला, मग युद्ध सुरू झालं. या दोन वाक्यांच्या मधे सोळा महिने आहेत. मी राहते ते ॲक्टन गाव, युद्धाच्या पहिल्याच दिवशी लढाई झाली त्या काँकॉर्डच्या अगदी शेजारी आहे, आणि इथे राहायला आल्यापासून मला त्या सोळा महिन्यांचीच ओढ लागली आहे. साध्या शेतकऱ्यांनी, लोहारांनी, दुकानदारांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराच्या इंग्रज राजाविरुद्ध उभं राहायची तयारी नेमकी कशी केली, हे इथल्या गावोगावच्या जुन्या नोंदींत सापडतं.

चहा बुडवला तो 16 डिसेंबर 1773 ला. 342 पेट्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या. (चहा चीनचा होता, आसामचे मळे तेव्हा अस्तित्वातच नव्हते.) शिक्षा म्हणून लंडनच्या पार्लमेंटनं 1 जून 1774 पासून बॉस्टनचं बंदर बंद केलं. पोटावर पाय आला. पण खेड्यांना जास्त झोंबला तो दुसरा कायदा: गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच भरवायची. ज्या सभेत रस्ते, शाळा, कुंपणं, सगळं हात वर करून ठरायचं, तीच काढून घेतली. बॉस्टनच्या पंचांनी यावर राजानं नेमलेल्या गव्हर्नरला, थॉमस गेजला, सांगितलं की आम्ही नवी सभा बोलावलेलीच नाही, जुनीच तहकूब करून पुढे चालवतो आहोत. कायद्याचं बोट धरून कायदा वाकवायची ही हुशारी मला फार आवडते.

मग आलं वुस्टर, मॅसॅच्युसेट्सच्या मधल्या भागातलं गाव. 6 सप्टेंबर 1774 च्या सकाळी 37 गावांतले 4,622 लोक आपापल्या तुकड्यांनी तिथे जमले आणि त्यांनी राजाचं न्यायालय उघडूच दिलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून ते उभे राहिले. न्यायाधीश आणि अधिकारी हातात टोपी धरून मधून चालत गेले आणि आपल्या माघारीची कबुली पुन्हा पुन्हा वाचत राहिले, म्हणजे शेवटच्या माणसालाही ऐकू जावं. एक गोळी सुटली नाही. त्या दिवसानंतर वुस्टर परगण्यात राजाचा अंमल उरला नाही. माझ्या मते क्रांती इथे झाली. सात महिन्यांनंतरची लढाई ही गेलेली सत्ता परत मिळवू पाहणाऱ्यांशी झाली.

आता हे टिकवायचं कसं? बंदुका घरोघरी होत्या, कारण 16 ते 60 वयाच्या पुरुषांना गावच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, राहावंच लागायचं. अडचण दारूची होती. बंदुकीची दारू बहुतेक बाहेरून यायची. बॉस्टनजवळ सॉमरव्हिलमध्ये एक दगडी पवनचक्की अजून उभी आहे, तिचं तेव्हा दारूचं कोठार केलेलं होतं. उन्हाळाभर गावांनी आपापल्या वाट्याची दारू तिथून गुपचूप नेली. उरलेली सरकारी दारू, 250 अर्धी पिंपं, गेजच्या सुमारे 260 शिपायांनी 1 सप्टेंबरला पहाटे उचलून नेली. बॉस्टनवर तोफा डागल्या अशी अफवा उठली आणि हजारो माणसं बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या दिशेनं चालू लागली. ऑक्टोबरमध्ये राजानं वसाहतींना शस्त्रं आणि दारू पाठवायलाच बंदी केली. डिसेंबरमध्ये बॉस्टनचा चांदीचा कारागीर आणि निरोप्या पॉल रिव्हिअर घोडा फेकत न्यू हॅम्पशायरला पोर्ट्समथला गेला, आणि तिथल्या लोकांनी भर दुपारी राजाच्या किल्ल्यात घुसून शंभराच्या आसपास पिंपं दारू काढून नेली. इंग्रज फौज निघाल्याची खबर देणारी एप्रिलमधली त्याची प्रसिद्ध दौड सगळ्यांना पाठ असते, ही मात्र कुणाला माहीत नसते.

पैशांचं काय केलं, ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. ऑक्टोबर 1774 मध्ये गावांच्या प्रतिनिधींनी स्वतःची प्रांतिक काँग्रेस भरवली, अध्यक्ष जॉन हॅनकॉक. तिनं गावांना कळवलं की कर नेहमीसारखाच गोळा करा, फक्त राजाच्या खजिनदाराकडे, हॅरिसन ग्रे यांच्याकडे, भरू नका. हेन्री गार्डनर यांच्याकडे द्या. हे गार्डनर आमच्या शेजारच्या स्टो गावचे. भरणा सावकाश झाला, कित्येक गावांनी हात आखडता घेतला, पण सरकार कुणाचं हा प्रश्न त्या एका ठरावानं सोडवून टाकला. त्याच काँग्रेसनं खरेदीची यादी केली: 20 तोफा, 1,000 पिंपं दारू, 5,000 बंदुका आणि संगिनी. राजानं नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या जागी शिपायांनी मतं देऊन आपले कॅप्टन निवडावेत असंही ठरलं. मिलिशियातली साधारण एक चतुर्थांश माणसं हाक येताच निघतील अशी तयार ठेवायची, तेच ते मिनिटमेन.

आमच्या ॲक्टननं निवडला आयझॅक डेव्हिस. बंदुका बनवणारा कारागीर, वय 30, चार मुलांचा बाप. घरामागे त्यानं नेमबाजीसाठी जागा केली, आठवड्यातून दोनदा कवायत घेतली आणि तुकडीतल्या सगळ्यांना संगिनी बनवून दिल्या. इतर गावांकडे त्या पुरेशा नव्हत्या. लढाईच्या दिवशी काँकॉर्डच्या पुलावर ॲक्टनची तुकडी पुढे पाठवली ती यासाठीच, असं इथे सांगतात. पहिल्याच फैरीत डेव्हिस पडला.

सामानाचा मुख्य साठा काँकॉर्डला होता आणि त्याची राखण कर्नल जेम्स बॅरेट यांच्याकडे. तोफा, शिसं, तंबू, औषधं, पीठ, खारवलेले मासे, मेणबत्त्या, लाकडी ताटल्या आणि चमचेसुद्धा. हजारोंची फौज उभी करायची तर माणसं जेवणार कशात, हा विचार कुणीतरी हिवाळ्यात बसून केला होता! गेजला हे सगळं कळत होतं, कारण डॉ. बेंजामिन चर्च हे काँग्रेसच्या आतल्या गोटातले गृहस्थच त्याला बातम्या पुरवत होते. 19 एप्रिल 1775 ला सुमारे 700 शिपाई काँकॉर्डवर निघाले तोवर बराचसा माल हलवून झाला होता. बॅरेटच्या शेतात नांगराच्या तासांत बंदुका पुरल्या होत्या ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शिपायांनी पीठ आणि शिशाच्या गोळ्या तळ्यात फेकल्या (बरंच काही लोकांनी नंतर काढून घेतलं), तोफांचे गाडे आणि चमचे जाळले. आग सभागृहाला लागली तेव्हा मार्था मोल्टन या 71 वर्षांच्या विधवेनं शिपायांच्या मागे लागून ती विझवायला लावली. पुढे तिनं प्रांताकडे रीतसर अर्ज केला आणि तिला 3 पौंड मिळाले. टेकडीवर थांबलेल्या मिनिटमेननी तोच धूर पाहिला, गाव जाळताहेत असं त्यांना वाटलं आणि ते पुलाकडे उतरले.

या सगळ्या अभिमानात एक काटा आहे, तो लपवून चालणार नाही. काँकॉर्डच्या वाटेवर शिपायांची पहिली चकमक झाली त्या लेक्झिंग्टनच्या तुकडीत प्रिन्स एस्टाब्रूक नावाचा गुलाम होता. त्या पहाटे तो जखमी झाला. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं गुलामगिरी बेकायदा ठरवली ती 1783 मध्ये.

आणि आपल्याकडे? त्याच सुमारास, मार्च 1775 मध्ये, राघोबादादा सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह करत होते: पेशवाईच्या गादीसाठी फौज द्या, बदल्यात साष्टी आणि वसई घ्या. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्यातूनच पेटलं. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

ॲक्टनची गावसभा आजही भरते. नागरिकत्व नसलेल्यांना मत नाही, पण बाजूला बसून ऐकता येतं. अर्थसंकल्पाची एकेक ओळ वाचली जाते, कुणीही उठून प्रश्न विचारतो. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते.

एप्रिलमध्ये येणार असाल तर तिसऱ्या सोमवारी या, या लढाईच्या स्मरणार्थ पॅट्रियट्स डेची सुट्टी असते. ॲक्टनहून पहाटे लोक डेव्हिसच्या वाटेनं पुलापर्यंत चालत जातात, सुमारे 11 किलोमीटर. थंडी असते, कानटोपी आणा. पुलाशेजारच्या पर्यटक केंद्रात ‘हॅनकॉक’ नावाची पितळी तोफ आहे, 1774 मध्ये बॉस्टनमधून इंग्रजांच्या नाकाखालून पळवलेली. आणि पुलावरून परतू नका. बॅरेटचं घर तिथून तीनएक किलोमीटरवरच आहे.