तुम्ही विचारलंत म्हणून: सहा जणी, इटली आणि एक भांडण

इटलीहून आल्यापासून भेटेल तो हेच विचारतो: "सहा मैत्रिणी, बारा दिवस, बरोबर टूर कंपनी नाही. भांडलात नाही का गं?" भांडलो. एकदाच, पण चांगलं कडाक्याचं. फ्लॉरेन्समध्ये, चौथ्या दिवशी.

भीती होती पैशांची, पण तिथे काही झालं नाही. आमच्यातली एक तीस वर्षं बँकेत होती. तिने पहिल्याच दिवशी प्रत्येकीकडून शंभर युरो काढून घेतले आणि एका चेनच्या पाकिटात ठेवले. कॉफी, बस, हॉटेलच्या बिलात माणशी लागणारा 'कोपेर्तो', सगळं त्यातून. पाकीट रिकामं झालं की पुन्हा शंभर. काउंटरशी उभ्याने घेतलेली कॉफी टेबलावरच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडते, हेही तिनेच हेरलं. खाण्यावरूनही कुरबुर नव्हती. दोघी कडक शाकाहारी, आणि पार्मिजानो चीजसाठी दूध वासराच्या जठरातल्या विरजणाने साकळवतात, हे त्या घरूनच वाचून आल्या होत्या. "सेन्झा फॉर्माज्जो", म्हणजे चीज नको, एवढं पाठ केलं आणि लसूण-तेल-मिरचीची स्पगेटी आवडीने खाल्ली.

भांडण झालं ते घुमटावरून.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात बांधला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि ठरलेल्या वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. आम्ही सहा काढली. सगळ्या मिळून आलोय तर सगळ्या मिळूनच चढायचं, इतका साधा हिशोब. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, पण तिला कुणी विचारलंच नाही. आपल्यामुळे बाकीच्यांचा विरस नको म्हणून तीही गप्प राहिली. दारापाशी आल्यावर म्हणाली, "तुम्ही जा गं, मी बसते खाली."

घुमट दुहेरी आहे. दोन कवचांच्या मधून अरुंद जिना जातो आणि वर जाताजाता भिंत अंगावर कलत येते. तिथे विटा अगदी जवळून दिसतात: आडव्या थरांत मध्येच उभ्या विटा, चटईच्या विणीसारख्या. चुना ओला असताना वरचे थर आत घसरू नयेत म्हणून ही वीण. मी हात फिरवला, विटा गार लागल्या. एरवी मी तिथे अर्धा तास रेंगाळले असते. पण मन खाली होतं.

रात्री खोलीत तोंडं सुटली. "तू आधी सांगायचंस." "तुम्ही विचारायचंत." "मग एकत्र आलोच कशाला?" एक रडली. शेवटी गुडघेवालीच म्हणाली, "मी काही खाली झुरत बसले नव्हते. उद्या चला, मला काय सापडलं ते दाखवते."

सकाळी तिने आम्हाला कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला नेलं. फरसबंदीत एक पांढरा संगमरवरी गोल बसवलेला आहे. आदल्या दिवशी आम्ही त्याच्यावरूनच गेलो असू. घुमटाच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा गोळा असतो. १४७१ मध्ये तो शिल्पकार व्हेरोक्योच्या कार्यशाळेत तयार होऊन वर चढला आणि १६०० च्या सुमारास वीज पडून खाली कोसळला. तो पडल्याची ही खूण. मग तिने दक्षिणेकडे नेऊन ब्रुनेलेस्कीचा पुतळा दाखवला. बसलेला, मांडीवर नकाशा, मान वर करून स्वतःच्या घुमटाकडे बघतोय. "इथेच होते मी," ती म्हणाली. "तो बघतो तिकडेच बघत बसले तासभर." वर गेलेल्या आम्हा पाचजणींना अख्खा घुमट दिसलाच नव्हता.

त्या दिवसापासून पद्धत पडली. सकाळ सगळ्यांची. दुपारच्या जेवणानंतर ज्याची त्याची वाट, कुठे चाललीस विचारायचं नाही. सात वाजता ठरल्या जागी हजर.

म्हणूनच रोममध्ये पँथिऑन, म्हणजे तिथलं घुमटाचं प्राचीन मंदिर, मला एकटीला मिळालं. बाहेर पाऊस होता. घुमटाच्या माथ्यावर जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे, त्यातून पाऊस सरळ आत उतरतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. दोरी लावून अडवलेल्या त्या ओल्या फरशीपाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घाई करणारं कुणी नव्हतं. सातला मात्र मी धावतच गेले, कारण हे पाचजणींना सांगायचं होतं. त्याही तशाच धावत आलेल्या, आणि कुणी कुणाला वाक्य पुरं करू देईना.

पुढच्या वर्षी सिसिलीचं घाटतंय. बँकवालीने शंभर युरो आत्ताच मागितलेत. आणि तिकिटांचा विषय निघाला तेव्हा सगळ्यात आधी गुडघेवालीला विचारलं, तुला कुठवर चढवेल ते सांग.