पत्रिकेत आधी मजकूर, मग नक्षी

मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर आम्ही आधी पक्का केला आणि नक्षी नंतर निवडली. हाच क्रम योग्य, असे माझे ठाम मत आहे. इंदुरात पहिली पत्रिका अहिल्याबाईंनी बांधलेल्या खजराना गणेश मंदिरात देण्याची रीत आहे, म्हणून माथ्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’ आलेच. नातेवाईक मराठी आणि शेजारी माळवी असल्याने एका पानावर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असा परंपरागत मराठी मजकूर, तर दुसऱ्या पानावर हिंदी घेतला, आणि लिपी देवनागरीच असल्यामुळे अक्षरवळण एकच ठेवता आले. लाल कागदावरील सोनेरी छपाई देखणी खरी, पण नमुन्यात ‘मुहूर्त’वरचा रफार दिसेनासा झाला होता, म्हणून फिकट पिवळ्या कागदावर कुंकवाच्या रंगाची शाई निवडली. मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता मात्र आशीर्वचनापेक्षाही ठळक छापून घेतला.