पुढची रात्र सिस्टरांची होती

मी नववीत असताना, कपाशीच्या निंदणीच्या दिवसांत, आबांना बांधावर घोणस चावली. भाऊबंद त्यांना भगताकडे न्यायला निघाले होते. तेवढ्यात आपल्या शाळेचे विज्ञानाचे सर आले. चिरा मारायचा नाही, दोरी आवळायची नाही, पाय हलू द्यायचा नाही, हे त्यांनी आम्हाला वर्गात शिकवलं होतं. त्या दिवशी फळ्याची लाकडी पट्टी आबांच्या पायाला लावून उपरण्याने बांधली आणि कालीपिलीत घालून थेट धुळ्याचं सिव्हिल गाठलं. आबा वाचले याचं पहिलं श्रेय सरांचं.

दुसरं श्रेय त्या रात्रीच्या सिस्टरांचं, आणि मी नर्सिंगला गेलो तो त्यांच्यामुळेच.

डॉक्टरांनी तपासून लस लिहिली आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. जाणं भागच होतं, पावसाळ्यात वॉर्ड भरलेला असतो. पुढची रात्र सिस्टरांची होती. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिची रिॲक्शन येऊ शकते, हे मला पुढे शिकताना कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ट्रेमध्ये एक इंजेक्शन भरून ठेवलंय आणि सिस्टरांचा हात आबांच्या मनगटावर आहे. सूज जिथवर चढली तिथे त्या बॉलपेनने रेघ मारायच्या, शेजारी वेळ लिहायच्या. लघवी किती झाली, तांबूस आहे का, तेही टिपायच्या. घोणशीचं विष किडनीवर जातं.

त्यांनी आबांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं. “हात लावू नको, वीस मिनिटं बघत बस,” मला म्हणाल्या. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठायला हवं होतं. माझा चेहरा पाहून त्या अहिराणीत बोलल्या, “घाबरू नको भाऊ, मी शे ना आठे.” म्हणजे, मी आहे ना इथे. सहा तासांनी पुन्हा तपासणी, पुन्हा लस. त्याच्या पुढच्या वेळी नळी तिरपी केली आणि रक्त जागचं हललं नाही. सिस्टर हसल्या. माझं ठरलं ते तिथेच.

बारावीनंतर जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म भरला तेव्हा घरात वाद झाला, हे पोरींचं काम म्हणून. आबा मात्र ठाम राहिले. आता मी ग्रामीण रुग्णालयात आहे, लोक ब्रदर म्हणतात. सर्पदंशाचा पेशंट आला की नातेवाइकांपैकी एकाला मी नळीजवळ बसवतो. आपल्या माणसासाठी काय चाललंय ते त्याला दिसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. जूनमध्ये, पेरण्यांच्या आधी, नववीचा एक तास मला द्यावा. आणि गेटजवळच्या भिंतीवर १०८ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. रंगाचा आणि पेंटरचा खर्च मी देतो.