तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षी बघायला किती वाजता जायचं?

समुद्रालगतच्या एखाद्या पक्षी अभयारण्यात जाऊन आले की हा प्रश्न ठरलेला, "पहाटे पोचायचं ना?" तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पहाटेचा अलार्म जंगलासाठी ठेवा. इथले पक्षी ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात खातात, म्हणून इथे घड्याळ भरतीचं चालतं आणि ते रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतं. म्हणजे या रविवारी आठ वाजता झकास दिसलेले पक्षी पुढच्या रविवारी आठला पार लांब पाण्याच्या कडेला असणार, दुर्बिणीतूनही नुसती टिंबं, आणि मधे चिखलच चिखल.

त्यामुळे मी आधी भरतीचं टेबल बघते आणि पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन बसते. बसते म्हणजे बसतेच, फिरत नाही. पाणी चढायला लागलं की चिखल कमी कमी होत जातो आणि खाण्यात गुंतलेली सगळी मंडळी आपसूक तुमच्याकडे सरकायला लागतात, तुम्ही काहीच करायचं नसतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पक्षी अगदी जवळ. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा कधी कधी चिखल पुरता बुडतच नाही आणि मंडळी लांबच राहतात. अर्थात फारच मोठं उधाण असेल तर बसायलाच जागा उरत नाही म्हणून ते सगळे उठून आतल्या तळ्यांकडे निघून जातात, तेही धरून चाला.

या दोन तासांत नावं नाही ओळखता आली तरी चालेल, कोण कसं खातंय ते बघा. प्लव्हर डोळ्यांनी शोधतो, तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, टोचतो, परत पळतो. सँडपायपर न बघताच चोच चिखलात खालीवर करत राहतात, शिवणयंत्र चालल्यासारखी, कारण त्यांच्या चोचीच्या टोकालाच स्पर्श कळतो. आणि कर्ल्यू! ती लांबलचक वाकडी चोच बिळात पार आत घालून खेकडा ओढून काढतो, मग त्याला धरून असा झटकतो की एकेक पाय गळून पडतो आणि उरलेला खेकडा गिळून टाकतो. हे एकदा नीट दिसलं की यादीत किती पक्षी झाले वगैरे कोण विचारतंय.

भरती पूर्ण झाली की सगळे एका जागी दाटीवाटीने उभे, एका पायावर, चोच पिसांत. बऱ्याच जणांना इथे कंटाळा येतो आणि मग कोणीतरी टाळी वाजवतं, थवा उडतानाचा फोटो हवा असतो ना. माझं डोकं फिरतं ते इथे. यातले कित्येक पक्षी लांबच्या प्रवासाआधी चरबी साठवत असतात. २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेला बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियाला गेला, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मधे कुठेही न थांबता, आणि तो जेमतेम पाच महिन्यांचा होता! हे पक्षी बदकांसारखे समुद्रावर उतरून विश्रांती घेत नाहीत, म्हणजे अंगावर जेवढं साठवलं तेवढ्यावरच निभवायचं, आणि आपण एका फोटोपायी त्यातलं उडवायला लावायचं?

प्रवासात थांबून खायच्या जागा तशाही कमी होतायत. दक्षिण कोरियात सेमांगुमला ३३ किलोमीटरची भिंत घालून २००६ मध्ये समुद्र अडवला, भरती-ओहोटीचा चिखल गेला आणि त्यानंतर तिथे थांबणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांची संख्या धडाधड घसरली. लोकांना वाटतं चिखलच तर आहे.

सामानाचं विचाराल तर ८x४२ची (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते, टोपी घ्या, आणि सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. भर दुपारची भरती असेल तर लांबचं सगळं गरम हवेत थरथरतं, मग महागडी लेन्सही काही कामाची नाही. आणि टेबलातली वेळ बहुतेक जवळच्या बंदराची असते, खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, तर किती उशिरा ते तिथल्या गार्डला नाहीतर कोळ्यांना विचारून घ्या.